रखवालदारासाठी काही सूचना

नेइआफू, ३ जून

प्रिय अकोसिताताई,

शेजारची फुसी गुरुवारच्या विमानाने ऑकलंडला मुलाकडे चाललीय, तिच्या हाती हे पत्र देतोय. कागद बघून तू आधी कपाळाला हात लावशील. बहीण संगणकांना चोरांपासून सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवते आणि भाऊ अजून शाईने पत्रं लिहितो. पण तुमच्या कंपनीच्या पानावर सूचना लिहायला जो चौकोन ठेवलाय त्यात तीनशे अक्षरं मावतात, आणि माझी तेवढी तर खुशाली विचारण्यातच संपतात. उत्तर येतं तेही 'आपल्या सूचनेबद्दल आभार' एवढंच. ते तू लिहीत नसणार, असं मी धरून चालतो.

फोन केला असता, पण भावाने बहिणीशी किती आणि काय बोलायचं, ही आपली टोंगातली रीत तुला माहीत आहे. दहा वर्षांचा झाल्यापासून मी तुझ्या खोलीत पाऊल टाकलं नाही, तुझ्यासमोर वात्रटपणा केला नाही, तुझ्या कंगव्यालासुद्धा हात लावला नाही. बाबा गेले तेव्हा फोनवर बोललो, तेच तू गाव सोडल्यापासूनच्या दहा वर्षांतलं आपलं सगळ्यात लांब बोलणं. बाबांनी तुझ्यासाठी काहीतरी बोलून ठेवलंय, व्हॅनिला संघाच्या कचेरीतल्या संगणकात, तुझ्या नावाच्या कप्प्यात, हे मी तेव्हाच सांगितलं. तू म्हणालीस, "पाठवू नकोस. मी येऊनच ऐकेन, त्याच खोलीत बसून." आता सप्टेंबरात तू येणार. ते सगळं ठीक आहे, त्याची काळजी करू नकोस. आज फक्त सूचना.

दोन वर्षांपूर्वी तू तिकडे बसूनच आमच्या व्हॅनिला संघाच्या संगणकात तुमचा प्रोग्राम घातलास. मी त्याला रखवालदार म्हणतो. इमानी आहे, पण त्याची बोलायची पद्धत सुधारायला हवी. पहिलं म्हणजे, तो सगळ्यांना सारखाच घाबरतो. छपाईचं यंत्र जोडलं तरी पडद्याच्या मधोमध लाल खिडकी, आणि खरा चोर आला तरी तीच. पहिल्या महिन्यात मी प्रत्येक खिडकी शेवटपर्यंत वाचली. दुसऱ्या महिन्यात अर्धी. हल्ली ती दिसली की माझं बोट आपोआप 'परवानगी द्या'वर जातं, जेवताना माशी हाकलावी तसं. ज्याला खरंच घाबरायचं त्यालाच लाल ठेव. बाकीच्यांना पांढरा रंग दे आणि कोपऱ्यात बसव.

मग ती बटणं. 'परवानगी द्या' आणि 'नाकारा', शेजारीशेजारी, एका मापाची, आणि त्यात परवानगीवर आधीच खूण केलेली. हे उलटं करता येईल का बघ.

आणि दारात कोण आलंय ते सांगताना तो जे नाव घेतो ते कोणाच्या बापाला कळणार नाही. नुसती अक्षरं आणि आकडे. गावात अनोळखी माणूस दारात आला तर आपण विचारतो, कोणाचा, कुठल्या गावचा, कोणी पाठवलं. तसं त्याने सांगावं की हा काल आलाय, अमक्याच्या पत्रातून आलाय आणि याला तुमच्या सगळ्या कागदांना हात लावायचाय. एवढं कळलं तर माझ्यासारखा माणूसही थांबेल.

यंदाच्या पहिल्या शेंगा आजच घोंगड्यांवर वाळत घातल्यात. सगळी कचेरी व्हॅनिलाच्या वासाने भरलीय आणि मला शुद्धीवर राहायला त्रास होतोय. लोसेली आत्या ठीक आहे. ओट्यावर चटई विणत बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवते.

तुझा,
लिसिआते


नेइआफू, २४ जून

प्रिय ताई,

फोनवर तुझ्या चार ओळी आल्या, त्यातल्या तीन प्रश्नांच्या. आवृत्ती कोणती, रखवालदार शेवटचा हिरवा कधी दिसला, आणि काही घडलंय का. लहानपणी माझ्या खिशात काही लपवलेलं असलं की तू आईला म्हणायचीस, "त्याला विचार, खिशात काय आहे." थेट मला कधी विचारलं नाहीस. आज विचारलंस, तर मी दोन दिवस शेंगा मोजत बसलो.

आवृत्ती सांगता येणार नाही. संगणक सध्या चादरीखाली आहे. धूळ फार झालीय.

हिरव्याचं सांगतो. तुमच्या रखवालदाराची ती छोटी ढाल खाली कोपऱ्यात असते. जागा असला की हिरवी, बंद केला की करडी. आमच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट पडद्यावर येतं आणि त्या उन्हात हिरवं आणि करडं एकच दिसतं. त्याला झोपवलं असेल तर त्याने तसं मोठ्याने सांगायला हवं, रोज, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत. एप्रिलात तो एकोणीस दिवस झोपलेला होता. मी रोज सकाळी त्याच्यासमोर बसून शेंगांच्या याद्या करत होतो आणि मला काही कळलं नाही.

नको तिथे मात्र तो बोलतो. गेल्या वर्षी एका रविवारी, पास्टर उपदेश करत असताना, भिंतीपलीकडे आमच्या कचेरीत याने स्वतःला नवीन करून घेतलं आणि तुतारीसारखा आवाज काढून संगणक पुन्हा चालू केला. अख्ख्या देवळाने माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर पास्टरांनी मला गाठलं.

"लिसिआते, रविवारी काम करणारा तो कोण आहे तुझ्याकडे?"

"रखवालदार आहे, पास्टर."

"मग त्याला सांग, सहा दिवस तू राख. सातव्या दिवशी राखणारा वर आहे."

तेव्हापासून मी शनिवारी संध्याकाळी तार काढून ठेवायला लागलो. चोर रविवार पाळत नाहीत हे मला मान्य आहे. पण याने आपलं आवरणं सोमवारी केलं आणि तोंड मिटून केलं, तर आमच्याकडचे लोक तार काढणार नाहीत. टोंगात तुमचा माल चालवायचा असेल तर हे लिहून घे.

बंद कोणी केला, हे तू आता विचारशीलच. कोणीतरी केला. ढालीवर बोट दाबून धरलं की एक यादी येते, तिच्या तळाशी लिहिलंय 'रक्षण थांबवा'. दाबलं की तो थांबतो. तू कोण, कशासाठी, किती वेळ, एक शब्द विचारत नाही. निदान संकेतशब्द तरी मागावा.

मला हल्ली दुपारी एक स्वप्न पडतं. कचेरीच्या पायरीवर कमरेला मानाची चटई गुंडाळलेला एक माणूस पाठमोरा बसलेला असतो. बंदरात देवमासे आलेले असतात, त्यांचा श्वास ऐकू येतो. मी त्याला विचारतो, "आत कोणाला सोडलंस?" तो वळत नाही. म्हणतो, "तुम्ही सांगितलंत त्याला." मग मला जाग येते आणि खरोखरच बंदरात देवमासे आलेले असतात, यंदा लवकर आलेत.

तुझा,
लिसिआते


नेइआफू, ९ जुलै

प्रिय ताई,

तू एवढंच लिहिलंस, "आत्याने सांगितलं ना?" हो. आत्याने सांगितलं, पण बोट माझं होतं.

एप्रिलातली गोष्ट. आत्याच्या नातीचं लग्न ब्रिस्बेनला झालं, त्याची फिल्म कोणीतरी पाठवली होती, निदान आत्याला तसं वाटत होतं. ती फोन घेऊन कचेरीत आली, मोठ्या पडद्यावर बघायची म्हणून. खुर्चीत बसली, पंखा आपल्याकडे वळवून घेतला. फिल्म उघडायला आधी दुसरंच काहीतरी आत घ्यावं लागत होतं, आणि त्याला हात लावला की लाल खिडकी. तीनदा आली.

"काय म्हणतोय तो?" आत्याने विचारलं.

"म्हणतोय, हे उघडू नका."

"कोणाला म्हणतोय?"

"आपल्याला, आत्या."

"मला? पेनिसिमानीच्या पोराच्या कचेरीत मला नाही म्हणणारा हा कोण? तुझा बाप मी मागितलं तर दावणीचं डुक्कर सोडून देत होता."

"यंत्र आहे ते. त्याला नाती कळत नाहीत."

"त्याला नसतील कळत. तुला कळतात ना? मग गप्प कर त्याला."

तू तिकडे गोऱ्या लोकांत बसतेस, त्यांना हे सांगून पटणार नाही. त्यांना वाटेल, म्हातारी बाई होती, समजावून सांगायचं होतं. पण तुला सांगायला नको. ती बाबांची थोरली बहीण, आपली फाहू. तिने मागितलं की ते तिचं. बाबांच्या अंत्यविधीत त्यांच्या उशाशी ती बसली होती, आणि आहेरातल्या सगळ्यांत चांगल्या चटया तिने उचलल्या तेव्हा कोणी ब्र काढला नाही. काढायचाही नसतो. तिला नाही म्हणणं माझ्या जिभेला येतच नाही. आपल्या घरात तो शब्द फक्त तुला आला होता.

मी ढालीवर बोट ठेवलं, यादी उघडली, 'रक्षण थांबवा' दाबलं. फिल्म काही लागली नाही. आत्या उठताना म्हणाली, "दोन तास बसवलंस आणि नवरी दाखवली नाहीस. बापावर नाही गेलास तू." मी तिला घरापर्यंत पोचवायला गेलो, तिथे अळूच्या पानात शिजवलेलं मटण जेवलो, ओट्यावरच झोपलो. रखवालदाराला उठवायचं राहून गेलं. सगळी हकीकत एवढीच आहे, ताई. मोठ्या चोरीसाठी एवढं पुरतं.

म्हणून मागच्या पत्रातली संकेतशब्दाची सूचना मी मागे घेतो. आत्याने संकेतशब्द मागितला असता तर मी तोही दिला असता, कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून. आमच्यासारख्या लोकांसाठी कुलूप मजबूत करून भागत नाही, कारण किल्ली मागणारा घरचाच असतो आणि मोठा असतो. 'तुम्हांला नक्की खात्री आहे का?' असं तो माणसाला विचारतो, तेही विचारू नये. मोठ्या माणसासमोर खात्री नाही असं कोण म्हणेल? मला असं वाटतं की नाही म्हणायचं काम त्याने माणसावर टाकूच नये. स्वतःच म्हणावं. "मला थांबवायची परवानगी इथल्या कोणाला नाही, ती दूरच्या माणसाकडे आहे, आणि विचारलं तरी मी उद्या सकाळी थांबेन, आज नाही." एवढं म्हटलं असतं तर मी आत्याकडे बघून खांदे उडवले असते. तिने यंत्राला शिव्या दिल्या असत्या आणि आम्ही दोघं मानाने घरी गेलो असतो. उद्या सकाळपर्यंत तर ती ते लग्नच विसरली असती.

आणखी एक. जे आत शिरलं त्याने पहिल्यांदा रखवालदारालाच मारलं. मी एकोणीस दिवसांनी ढाल बघून त्याला उठवायला गेलो तर तो उठेना, त्याचे स्वतःचेच कागद जागेवर नव्हते. नुकूआलोफाहून जो दुरुस्तीवाला आला तो म्हणाला, हे नेहमीचंच आहे, आधी पहारेकऱ्याला लोळवतात. मग त्याला स्वतःचं रक्षण का शिकवत नाहीस? त्याने आपली एक प्रत कुठेतरी दडवून ठेवावी, आणि कोणी त्याच्या कागदांना हात लावला तर तुला तिकडे कळवावं. जगाला राखायला निघालेला हा माणूस, स्वतःसाठी दाराला कडीसुद्धा लावत नाही.

तुझा,
लिसिआते


नेइआफू, २८ जुलै

प्रिय ताई,

"माझं रेकॉर्डिंग आहे का?"

नाही. गेलं.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. तेव्हाच गेलेलं होतं. लिहायला बसलो होतो ते हेच सांगायला, आणि बटणांबद्दल लिहीत सुटलो. सगळ्या कागदांची नावं बदललीत, आत नुसती अक्षरांची भुतावळ आहे. दुरुस्तीवाल्याने तीन दिवस खटपट केली. चहा घेतानाही तो माझ्याकडे बघायचं टाळत होता, तेव्हाच मला कळलं.

यापुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातंय. बाबांची गाणी मात्र वाचलीत. सगळी, एकूणएक, एकेचाळीस. बाबांनी रचलेली, स्वतः म्हटलेली, कोणत्या ओळीला हात कसे वळवायचे ते समजावलेलं. कारण मी दर महिन्याला सगळ्याची प्रत काढून पत्र्याच्या डब्यात ठेवत होतो, तूच तशी ताकीद दिली होतीस. फक्त एका कप्प्याची प्रत काढली नाही. त्याच्यावर तुझं नाव होतं. बहिणीच्या वस्तूला हात लावायचा नाही. प्रत काढताना तो कप्पा समोर आला की मी तो वगळून पुढे जायचो, मान दुसरीकडे वळवून. आपण बरोबर वागतोय असं वाटायचं. नऊ महिने, नऊ वेळा.

तू कशासाठी येणार होतीस ते मला माहीत आहे. गावाच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनासाठी बाबांनी तो मोठा लाकालाका नाच बसवला होता, सेहेचाळीस माणसांचा, अख्खं गाव सहा महिने झटत होतं, आणि मधली जागा तुझी होती. दोन आठवडे उरले असताना तू म्हणालीस की ऑकलंडचा वर्ग सुरू होतोय, मी चालले. बाबा म्हणाले, नाच झाल्यावर जा. तू नाही म्हणालीस. मी पडवीत होतो, तो शब्द ऐकला आणि मला वाटलं आता छप्पर खाली येईल. बाबांनी मग कोणालाच त्या जागी उभं केलं नाही. उद्घाटनाला रांगेच्या मधोमध एका माणसाएवढी फट होती, आणि पाहुण्यांसकट सगळे त्या फटीकडे बघत होते. फुसीने ते तुला कळवलं. तू तिला म्हणालीस, "बाबांनी भर गावात माझी धिंड काढली." ते वाक्य मग गावभर फिरलं आणि बाबांपर्यंतही आलं. त्यांनी तुझं नाव पुन्हा घेतलं नाही. शेवटच्या वर्षी एकदम म्हणाले, "मला त्या यंत्रासमोर बसव. तिच्याशी बोलायचंय."

आत्याला मी काल सांगितलं. तिने विणायचं थांबवलं. मग म्हणाली, "मला का नाही अडवलंस?" मी म्हटलं, "तुम्हांला कसा अडवू?" ती म्हणाली, "तेही खरं." आणि डोळे तिने सरळ हातातल्या विणायच्या पात्यांनीच पुसले. तिच्यावर राग धरू नकोस. धरायचा तर माझ्यावर धर.

लिसिआते


नेइआफू, २० ऑगस्ट

प्रिय ताई,

तीन आठवडे तुझं काही आलं नाही. मग फुसी परत आली. तिने पिशवीही खाली ठेवली नव्हती, दारातच म्हणाली, "अकोसिता म्हणते, आता येऊन काय करू. तिकीट परत केलंय तिने." मी तिला पाणी दिलं आणि कचेरीत येऊन बसलो.

आणि गेल्या सोमवारी संघाने घेतलेल्या नव्या संगणकावर रखवालदाराची नवीन आवृत्ती आली. मुकाट्याने आली, सोमवारी. छपाईचं यंत्र जोडलं तर कोपऱ्यात एक पांढरी चिठ्ठी. ढाल करडी करून बघायची म्हणून 'रक्षण थांबवा' दाबलं, तर आपल्या भाषेत लिहून आलं, "हे इथून थांबवता येत नाही. परवानगी ऑकलंडहून लागते आणि तिला एक दिवस लागतो. समोर बसलेल्या माणसावर रागावू नये." मी ते पाच-सहा वेळा वाचलं. म्हणजे माझी पत्रं तू ओळ न ओळ वाचली होतीस, उत्तर देत नव्हतीस तेव्हाही. आत्याला बोलावून दाखवलं. ती चष्मा लावून म्हणाली, "ही मला नाही म्हणतेय?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "तिला शोभतं ते," आणि फिल्म नसतानाही तासभर तिथे बसली.

म्हणून आता उरलेलं सांगतो. हे सांगायची मला लाज वाटते, आणि न सांगितलं तर ते माझ्याबरोबरच जाईल.

बाबा बोलले ते मी ऐकलंय.

ऐकायचं नव्हतं. बाबा म्हणाले होते, "बटण दाब आणि बाहेर जा. लांब जा. हे तिच्याशी बोलणं आहे, तुझ्या कानांसाठी नाही." पण यंत्र थांबवायचं कसं ते त्यांना येत नव्हतं. संपल्यावर हाक मारतो म्हणाले. मग लांब कसा जाणार? मी मागच्या बाजूला, खिडकीखाली, नीरफणसाच्या सावलीत भिंतीला टेकून बसलो. कान झाकले होते, हे शपथेवर सांगतो. पण हात दुखायला लागले.

आधी बराच वेळ खोकला. मग, "हे चालू आहे का?" आणि कोणीच उत्तर दिलं नाही म्हणून, "असेल." मग म्हणाले, "अकोसिता, मी तुझा बाप बोलतोय." मग हे म्हणाले, आणि यातला शब्द न शब्द मी जागेपणी ऐकलाय, "लोक म्हणतात, पेनिसिमानीने रागाने जागा रिकामी ठेवली. मी त्यांना म्हणू दिलं. रागावलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, ते बरं असतं. मला राग नव्हता, पोरी. तू गेल्यावर लोसेलीची नात तुझ्या जागी उभी केली होती, एका संध्याकाळी. चांगली नाचली. मी गाणं विसरलो. माझंच गाणं, ढोल वाजतोय आणि मला पुढची ओळ येईना. लोकांना म्हटलं, घसा बसलाय. दुसऱ्या दिवशी ती जागा मोकळी ठेवली आणि गाणं परत आलं. धिंड नव्हती ती. माझ्याच्याने दुसरं काही होईना, एवढंच."

यानंतर ते खालच्या आवाजात बोलत राहिले, आणि मला झोप लागली. तुला हसू येईल. पण शेंगा वाळत होत्या, ऊन होतं, बाबांचा आवाज लांबून येत होता आणि खूप दिवसांनी मला हलकं वाटत होतं. म्हणून पुढचं जे सांगतोय ते मी ऐकलं की माझ्या झोपेने रचलं, हे मला आजही सांगता येत नाही. त्यात बाबा उभे होते, आणि खरे बाबा तर तेव्हा आधाराशिवाय उभे राहू शकत नव्हते. ते म्हणत होते, "मी ते गाणं बदललंय. आता मधली सुरुवातीला नसतेच. सगळे तिच्याशिवायच सुरू करतात. चौथ्या कडव्याला ती दारातून येते. तिला उशीर झाला असं कोणाला वाटायला नको, म्हणून मी सगळ्यांना आधीच दाराकडे वळवलंय, बायका डावीकडून, पुरुष उजवीकडून, हात असे, पालथे. म्हणजे वाटतं की नाच तिथूनच सुरू व्हायचा होता." मग मला हाक ऐकू आली. आत गेलो तर बाबा खुर्चीतच होते. म्हणाले, "झालं. बंद कर. काही ऐकलंस?" मी म्हटलं, "नाही." माझं त्यांच्याशी शेवटचं खोटं ते.

डब्यातल्या प्रतीत ते गाणं जुन्यासारखंच आहे, बदल कुठे नाही. म्हणजे माझ्या बाजूने काही पुरावा नाही. एवढंच म्हणता येईल की मला नाचातलं ओ की ठो कळत नाही आणि हात पालथे असतात की उताणे हे मी जन्मात लक्षात ठेवलं नसतं.

फुसी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सभागृहात गेलो. सत्तावीस सप्टेंबरला सभागृहाला दहा वर्षं होतायत, तोच नाच पुन्हा बसवतायत. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं की चौथं कडवं बाबांनी बदललं होतं. कोणी विचारलं, तुला कसं माहीत? मी म्हटलं, बहिणीसाठी बोललेलं मी चोरून ऐकलं. मला वाटलं आता बाहेर काढतील. आत्या मागे बसली होती, ती म्हणाली, "ऐकलं ते ऐकलं. आता हात कसे म्हणालास ते दाखव."

तेव्हापासून रोज संध्याकाळी करतात. चौथ्या कडव्याला पंचेचाळीस माणसं एकदम दाराकडे वळतात, बायका डावीकडून, पुरुष उजवीकडून. दारात सध्या कोणी नसतं. क्षणभर थांबतात आणि पुढची ओळ म्हणतात. ढोलवाला म्हणतो, ती थांबायची जागा गाण्यात आधीपासून होती, त्याला इतकी वर्षं ती कशासाठी आहे ते कळत नव्हतं. पण तो कावाच्या चार वाट्या चढवल्यावर बरंच काही म्हणतो.

मी हे खरं आहे असं सांगत नाही, ताई. पहिला भाग खरा आहे. दुसरा तू येऊन ठरव, तुला त्यांचं नाचातलं कळायचं.

नाच चार वाजता सुरू होईल. चौथ्या कडव्याला यायला अकरा मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. तेवढा उशीर आम्ही धरलेला आहे.

तुझा,
लिसिआते